वर्गात इंटरॅक्टिव्ह पॅनल आलाय, पण पोरं टीव्ही बघितल्यासारखी बसतात. तुम्ही काय करता?

सातपूरचे_सर
नमस्कार मंडळी. नाशिकला सातपूर साइडच्या एका अनुदानित शाळेत आठवी-नववीला विज्ञान आणि गणित शिकवतो. नववीच्या वर्गात ५८ पोरं, बहुतेकांचे आईवडील एमआयडीसीत शिफ्टला जाणारे. यंदा एका कंपनीच्या सीएसआरमधून (सामाजिक कामासाठीचा निधी) आम्हाला मोठा टच पॅनल मिळाला, त्याबद्दल तक्रार नाही, चांगला आहे. पण तो इंटरॅक्टिव्ह आहे तो फक्त माझ्यापुरता. मी बोट लावतो, चित्र हलतं, पोरं "वॉव" करतात, आणि मी "समजलं का?" विचारलं की सगळा वर्ग एका सुरात "हो सर". पुढच्या बाकावरची चार पोरं उत्तरं देतात, मागे कोण काय करतंय ते देवाला ठाऊक.

खरी गंमत चाचणीत झाली. धाराविद्युतचा धडा पॅनलवर ॲनिमेशन वगैरे दाखवून झाला होता, तरी अर्ध्याहून जास्त वर्गाने लिहिलं की एकसर जोडणीत (दिवे एकापुढे एक, एकाच वाटेवर) पहिला दिवा जास्त प्रकाश देतो कारण दुसऱ्यापर्यंत पोचेस्तोवर करंट कमी होतो. म्हणजे ॲनिमेशन बघितलं आणि डोक्यात जे आधीपासून होतं ते तसंच राहिलं.

प्रशिक्षणात स्कॅफोल्डिंग, स्कॅफोल्डिंग (म्हणजे पोराला शिकताना तात्पुरता आधार देणं) म्हणून एक स्लाइड दाखवली होती, पण ३५ मिनिटांच्या तासात ५८ पोरांसोबत ते करायचं कसं यावर कोणी बोललं नाही. मुलांकडे मोबाइल नाहीत (घरी एक असतो तो वडिलांबरोबर कंपनीत जातो), वायफाय ऑफिसपुरतं. अशात कोणी खरंच काही करून बघितलं असेल तर सांगा. यूट्यूबच्या लिंका नकोत प्लीज.

टाचण_अपूर्ण
सर, अभिनंदन, तुमचा पॅनल चालू तरी आहे. आमचा वॉरंटी संपल्यावर आठवड्यात आजारी पडला, आता त्यावर प्रार्थनेच्या सूचनांचा कागद चिकटवलाय. आणि इंटरॅक्टिव्ह वगैरे ठीक आहे हो, पण बीएलओचं (मतदार यादीचं) काम, सर्वे, शालेय पोषण आहाराच्या नोंदी, हे सगळं उरकून पोर्शन संपवायचा की पोरांशी गप्पा मारायच्या? खडू आणि आवाज, दोन्ही शाबूत असले की पुरे.

गोदाकाठची_मॅडम
टाचण सर, तुमचं दुःख मान्य, पण त्यांचा प्रश्न वेगळा आहे ना.

सातपूरचे सर, तुमच्या पोरांनी जे उत्तर लिहिलंय ते जगभरातली पोरं लिहितात. करंट दिव्यात "खर्च" होतो ही समजूत फार चिवट असते आणि नुसतं दाखवून ती जात नाही, कारण पोरगं दाखवलेलं बघतं पण आपल्या समजुतीशी ताडून बघत नाही. म्हणून मी पॅनल सुरू करायच्या आधी त्यांना अडकवते. परवाच हा धडा झाला, कसा घेतला ते सांगते.

पॅनल बंद. फळ्यावर खडूने एक बॅटरी आणि दोन सारखे दिवे, एकसर. प्रश्न असा, की गणपतीच्या डेकोरेशनच्या माळेत प्लगजवळचा दिवा जास्त लागतो का शेवटचा? सगळ्यांनी वहीत एक ओळ लिहायची, "मला वाटतं ___ कारण ___". लिहिल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. मग शेजाऱ्याला वाचून दाखवायचं आणि दोघांचं जुळत नसेल तर भांडायचं, दोन मिनिटं. वर्गात गोंधळ होतो, होऊ द्या. मी फिरून ऐकते कोण काय म्हणतंय. एक मुलगा म्हणाला, मॅडम आमच्या मंडळात शेवटचे दिवे मंदच असतात. त्याला खोडून काढलं नाही, फळ्याच्या कोपऱ्यात त्याचं वाक्य लिहून ठेवलं.

त्यानंतर पॅनल. फेट नावाची सिम्युलेशन आहेत, कोलोराडो विद्यापीठातली, नोबेलवाले कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेली, फुकट आहेत आणि बरीचशी मराठीतही आहेत. त्यातलं सर्किट जोडायचं किट उघडायचं. पण बोट माझं नाही. एका पोराला पुढे बोलवायचं (शक्यतो मागच्या बाकावरचं), त्याने फक्त हात चालवायचा, काय जोडायचं ते वर्गाने सांगायचं, त्याने स्वतःच्या मनाने काही करायचं नाही. वायर कुठून कुठे हे नीट मराठीत सांगता येईना की "तिकडं नाही रे, दिव्याच्या दुसऱ्या टोकाला!" अशी ओरड सुरू होते आणि तिथेच मंडल (सर्किट) म्हणजे काय ते कळायला लागतं.

९ व्होल्टची बॅटरी, १० ओहमचे दोन दिवे. दोन्ही सारखेच लागतात. मग ॲमीटर (करंट मोजायचं यंत्र) पहिल्या दिव्याच्या आधी लावा, मधे लावा, दुसऱ्याच्या नंतर लावा, तिन्हीकडे ०.४५ अँपिअर. वर्ग गप्प होतो बघा. आता वहीत आधीच्या ओळीखाली "आता मला वाटतं ___ कारण ___". आधीची ओळ खोडायची नाही, ही माझी सक्त ताकीद असते.

आणि मंडळाच्या माळेचं काय, तर तो मुद्दा घरी शोधायला दिला. दुसऱ्या दिवशी एकाच्या वायरमन वडिलांकडून उत्तर आलं की लांब माळा बहुतेक वेळा तुकड्या-तुकड्यात एकसर आणि ते तुकडे आपसात समांतर असतात, आणि वायर बारीक नि लांब असेल तर शेवटी व्होल्टेज पडतं. म्हणजे पोरगं जे बघत होतं ते खरंच होतं, कारण मात्र वेगळं. वायरचासुद्धा रोध (करंटला होणारा अडथळा) असतो हा पुढचा भाग आयता मिळाला मला.

बीएड_चालू_आहे
मॅडम यात एक शंका. दोन मिनिटं भांडायला, मग वही, मग पॅनल, हे ३५ मिनिटांत बसतं का? आमच्या पाठ टाचणात प्रस्तावनेला पाच मिनिटंच धरतात 😅

गोदाकाठची_मॅडम
बसतं, कारण मी व्याख्या सांगत बसत नाही. ती पुस्तकात आहे, घरून वाचून येतात किंवा शेवटच्या पाच मिनिटांत होते. पण दर तासाला असं करू नका, धड्यातली जी एक जागा चिवट आहे तिथेच करा.

नाशिकरोड_पॅसेंजर
मॅडमनी मस्त लिहिलंय. मी स्कॅफोल्डिंगबद्दल थोडं बोलतो कारण त्या स्लाइडमध्ये ते नेहमी अर्धवट येतं. लोक वायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाचं नाव घेतात, पण तो १९३४ ला गेला आणि हा शब्द त्याने वापरलेला नाही. तो आला १९७६ च्या वुड, ब्रूनर आणि रॉस यांच्या पेपरमधून. तिथे ३ ते ५ वर्षांची ३० मुलं होती, लाकडी ठोकळ्यांचा पिरॅमिड रचायचा होता, २१ ठोकळे. शिक्षिका प्रत्येक मुलाला जेवढं अडतंय तेवढीच मदत करत होती. अडलं की थोडं जास्त, जमलं की मागे. सगळं मर्म त्या मागे सरकण्यात आहे, आणि आपल्याकडे नेमकं तेच विसरतात. आधाराचे शब्द, तक्ता, सूत्रं वर्षभर भिंतीवर टांगलेली, म्हणजे ती मदत नाही राहिली, सवय झाली.

गणितात हे करायला सगळ्यात सोपं. आठवीचं सूट आणि कमिशन घ्या. येवल्याची पैठणी, छापील किंमत १२,००० रुपये, सूट १५ टक्के. पहिलं गणित पूर्ण सोडवलेलं पॅनलवर, १,८०० सूट, १०,२०० विक्री किंमत, आणि मुलांनी फक्त प्रत्येक पायरीला "हे का केलं" ते बाजूला लिहायचं. दुसऱ्या गणितात शेवटची पायरी रिकामी. तिसऱ्यात शेवटच्या दोन. चौथ्यात फक्त किंमत आणि टक्के, बाकी कोरं. पाचव्यात उलटं, १०,२०० ला मिळाली, सूट १५ टक्के, तर छापील किंमत काय? इथे अर्धी पोरं १०,२०० चेच १५ टक्के काढून त्यात मिळवतात आणि ११,७३० आणतात, तेव्हा परत एक पायरी मागे यायचं, पण ज्यांना अडलंय त्यांच्यासाठीच. ज्यांना जमलं त्यांना परत सोडवलेलं उदाहरण वाचायला लावू नका, ती कंटाळतात आणि मग दंगा करतात. पॅनलचा फायदा हा की पायऱ्या झाकायच्या-उघडायच्या एका बोटात होतात, फळ्यावर पुसापुशी करत बसावं लागत नाही. बाकी फार काही नाही, पांढऱ्या चादरीमागे झाकलं तरी चालेल म्हणा.

घाटावरचा_गुरुजी
मी सुरगाणा तालुक्यात झेडपीच्या शाळेवर, दोन शिक्षकी. पॅनल वगैरे नाही आणि पावसात लाइट गेली की कधी येईल सांगता येत नाही, तरी लिहितो कारण मुद्दा तोच आहे.

आमच्याकडची पोरं घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलतात. पुस्तकातलं मराठी त्यांना परकं, त्यात "रोध", "विभवांतर" म्हणजे परक्यात परकं. तुम्ही वर्गात "कारण सांगा" म्हटलं की गप्प बसतात, आणि साहेब लोक म्हणतात यांना येत नाही. येतं हो. आधी त्यांच्या बोलीत एकमेकांना सांगू द्या, मग त्यातलं एक वाक्य मराठीत फळ्यावर सगळ्यांनी मिळून करा, आणि पुस्तकातला शब्द सगळ्यात शेवटी बसवा. सुरुवातीला मीच अर्धं वाक्य देतो, मॅडमनी लिहिलंय तसं. दिवाळीपर्यंत ते काढून घेतो.

सामान म्हणाल तर टॉर्चचा बल्ब, दोन सेल, वायरचे तुकडे, कपडे वाळत घालायचे चिमटे. फेटची सिम्युलेशन डाउनलोड करून नेटशिवाय चालतात, माझ्या फोनमध्ये आहेत, खरा बल्ब लावून झाला की मगच ती दाखवतो कारण खऱ्या बल्बमध्ये करंट दिसत नाही आणि फोनमध्ये ते निळे ठिपके सरकताना दिसतात. आधी फोन दाखवला तर बल्बकडे कोणी बघत नाही, हे पक्कं.

सातपूरचे_सर
अरे वा, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. "बोट एकाचं, सांगणार वर्ग" हे उद्याच करतो. पण माझं एक अडकलंय. ५८ जणांनी वहीत काय लिहिलं ते मला त्याच तासात कसं कळणार? हात वर करा म्हटलं की सगळे हुशार पोरीकडे बघून हात वर करतात.

गोदाकाठची_मॅडम
प्लिकर्स नावाचं ॲप बघा. प्रत्येक पोराला एक कागदी कार्ड, त्यावर चौकोनी ठशासारखं चित्र, चार बाजूंना ए बी सी डी. जे उत्तर वाटतं ती बाजू वर करून धरायची. तुम्ही तुमच्या एका फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा, कोणाचं काय उत्तर ते फोनवर येतं. अक्षरं बारीक असतात आणि प्रत्येक कार्डाचं चित्र वेगळं, त्यामुळे शेजारच्याचं बघून उपयोग नाही. नेहमीचा संच ४० चा असतो, मोठा ६३ चा, तुमचे ५८ त्यात बसतील. नेट तुमच्या फोनचं पुरतं.

चुकीचे पर्याय मात्र जीव ओतून बनवा. तुमच्या चाचणीतलीच वाक्यं उचला, "करंट दुसऱ्या दिव्यापर्यंत कमी होतो" हा एक पर्याय हवाच. आणि निकाल अर्धाअर्धा आला तर लगेच बरोबर उत्तर सांगू नका, परत शेजाऱ्याशी बोलू द्या आणि परत कार्ड वर. दुसऱ्यांदा आकडे किती सरकतात ते बघण्यात मजा आहे.

नाशिकरोड_पॅसेंजर
आणि हात वरचाच मार्ग असेल तर निदान थांबा. मेरी बड रो या अमेरिकन बाईंनी वर्ग तपासले तेव्हा शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंदच थांबतात असं दिसलं. तीन सेकंद थांबलं की उत्तरं लांब येतात आणि गप्प बसणारी पोरंही बोलतात. तीन सेकंद वर्गात फार मोठे वाटतात, मनात एकशे एक, एकशे दोन मोजा.

टाचण_अपूर्ण
कार्डं ठीक आहेत, पण ५८ कार्डं वाटायची-गोळा करायची त्यातच तास जाईल. आणि पहिल्या आठवड्यात दहा फाटतील, त्याची विमाने होतील.

गोदाकाठची_मॅडम
वाटायची नाहीत सर 😄 हजेरी नंबरचं कार्ड ज्याच्या त्याच्या विज्ञानाच्या वहीच्या मागच्या पानाला चिकटवायचं, वहीच वर धरायची. वही विसरली तर दोन-चार जादा कार्डं टेबलावर.

बीएड_चालू_आहे
लॅमिनेट केली तर फाटणार नाहीत ना?

घाटावरचा_गुरुजी
चकचकीत लॅमिनेशन नको, खिडकीचा उजेड चमकतो आणि कॅमेरा कार्ड वाचत नाही. जाड कागदावर प्रिंट काढा, किंवा मॅट लॅमिनेशन मिळतं ते करा.

सातपूरचे_सर
मॅट रविवार कारंजाला मिळेल बहुतेक, शनिवारी शाळा सुटल्यावर बघतो. टाचण सर, तुमच्या बंद पॅनलला यातलं काहीच अडत नाही बरं का, कार्डाला फोन पुरतो.

टाचण_अपूर्ण
कार्डांच्या पीडीएफची लिंक टाका मग. बघतो.