औषध नसलेल्या गोळीने वेदना का कमी होते?

प्रश्न:
दुखापतीच्या जागेवरून निघालेला संदेश मेंदू केवळ नोंदवून घेतो, असे आपण शाळेत शिकलो. मग औषधाचा अंशही नसलेल्या गोळीने काहींच्या वेदना कमी कशा होतात? हा निव्वळ मनाचा खेळ आहे का?

प्रतिसाद १:
मनाचा म्हणा हवे तर, पण त्यामागे मज्जातंतूंचा मार्ग आहे आणि तो वरून, म्हणजे मेंदूकडून, खाली मज्जारज्जूकडे जातो. वेदनेचा संदेश मज्जारज्जूतील फाटकासारख्या यंत्रणेतून जातो आणि त्या फाटकावर मेंदूचाही ताबा असतो, असे मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ मध्ये मांडले. १९६९ मध्ये रेनॉल्ड्स यांनी उंदरांच्या मध्यमेंदूतील करड्या भागाला विजेचे उद्दीपन दिले, तेव्हा भूल न देता त्यांच्या पोटावर शस्त्रक्रिया करता आली.

प्रतिसाद २:
मूळ प्रश्नाचे थेट उत्तर १९७८ च्या प्रयोगात आहे. लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांना, अफूजन्य द्रव्यांचा परिणाम रोखणारे नालोक्सोन दिले, तेव्हा औषधाचा अंश नसलेल्या बनावट औषधाने आराम पडलेल्यांच्या वेदना पुन्हा वाढल्या. म्हणजे शरीर स्वतःचीच अफूसारखी वेदनाशामके वापरत होते. मात्र प्रत्येक वेळी असेच घडत नाही, कारण नालोक्सोनने न थांबणारा आरामही पुढे आढळला.

प्रश्नकर्ता:
मग हाच मार्ग वेदना वाढवूही शकतो का?

प्रतिसाद १:
होय. लंबमज्जेत, म्हणजे मेंदूच्या तळाशी मज्जारज्जूला जोडलेल्या भागात, वेदना दाबणाऱ्या ‘ऑफ’ पेशींशेजारीच ती वाढवणाऱ्या ‘ऑन’ पेशी असतात.