नवोदयच्या निकालापर्यंतचे दिवस कसे काढावेत?

प्रश्न : एक आई, दर्यापूर तालुका

माझ्या मुलीने यंदा जवाहर नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेशासाठी निवड चाचणी दिली आहे. तेव्हापासून घरात निकालाशिवाय दुसरा विषय नाही. तिचे बाबा रोज रात्री मोबाइलवर ‘अपेक्षित कटऑफ’ सांगणारे व्हिडिओ लावतात, शिकवणीच्या व्हॉट्सअॅप गटावर कोणाला किती गुण पडणार याचे आकडे फिरतात, आणि ते ऐकून मुलगी बुद्धिमत्ता चाचणीतील सुटलेल्या आकृत्या आठवून आठवून वहीत काढत बसते. काल जेवताना तिने विचारले, ‘नंबर लागला नाही तर तुम्ही रागवाल का?’ आम्ही नाही म्हटले, पण तिला ते पटलेले दिसले नाही. ही परीक्षा दुसऱ्यांदा देता येत नाही, त्यामुळे आमच्याही जिवाला घोर आहे. ज्यांनी हे दिवस काढले आहेत त्यांनी कृपया सांगावे.

उत्तर : जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक

ताई, आधी कटऑफची चर्चा बंद करावी. 80 प्रश्नांना 100 गुण, म्हणजे एका प्रश्नाला सव्वा गुण, त्यामुळे घरबसल्या हिशेब मांडता येतो असे पालकांना वाटते. परंतु एका विद्यालयात सहावीच्या जागा जास्तीत जास्त 80, त्यांपैकी किमान 75 टक्के ग्रामीण विद्यार्थ्यांच्या, किमान एक तृतीयांश मुलींच्या, आणि त्यातच सामाजिक आरक्षण. अशा स्थितीत दुसऱ्या जिल्ह्यातील एखाद्या मुलाची निवड किती गुणांवर झाली, यावरून आपल्या मुलीविषयी काहीही सांगता येत नाही. व्हिडिओ करणाऱ्यालाही ते ठाऊक नसते. त्याला प्रेक्षक मिळाले की झाले.

आपल्या मुलीच्या प्रश्नाचे म्हणाल, तर ‘रागावणार नाही’ एवढ्याने दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे समाधान होत नाही, कारण निवड न झाल्यास पुढे काय, हे त्यांना दिसत नसते. म्हणून सहावीला गावाजवळची कोणती शाळा, जायचे एसटीने की सायकलने, वर्गात ओळखीच्या कोण मुली असतील, हे आत्ताच तिच्यादेखत ठरवावे आणि जमल्यास ती शाळा एकदा दाखवून आणावी. माझ्या वर्गातील मुलांना धीराच्या शब्दांपेक्षा याचाच अधिक उपयोग झालेला मी पाहिला आहे. आकृत्यांची वही मात्र हिसकावून घेऊ नका. घरातील बोलणे थांबले की तीही मागे पडेल.

उत्तर : माजी विद्यार्थी, नवोदय

देशातील पहिली दोन नवोदय विद्यालये 1985-86 मध्ये हरियाणातील झज्जर आणि आपल्या अमरावती येथे सुरू झाली, त्यामुळे आपल्याकडे या नावाचे वजन अंमळ जास्तच आहे. या वजनापायी निवड झाली तर काय, हे मुलांशी कोणी बोलतच नाही. वसतिगृहात राहावे लागेल, आपले कपडे आपण धुवावे लागतील, नववीत काही विद्यार्थ्यांना वर्षभर दुसऱ्या भाषेच्या प्रदेशातील विद्यालयात पाठवतात, हे सारे तिला सांगावे आणि तिचे काय म्हणणे आहे ते ऐकावे. माझ्या खोलीतील एक मुलगा पहिले कितीतरी दिवस रात्री रडत असे. घरी कोणी त्याला यातले काहीच सांगितले नव्हते.

उत्तर : एक पालक, अकोला

पहिल्या यादीत नाव नसले तरी लगेच आशा सोडू नये. निवड झालेली काही मुले प्रवेश घेत नाहीत आणि मग प्रतीक्षा यादीतील मुलांना संधी मिळते. निकाल पाहण्यासाठी प्रवेशपत्रावरील रोल नंबर आणि जन्मतारीख लागते, ती आपल्याजवळच ठेवावी. शिकवणीच्या गटावर जाहीर होण्याआधी मुलीला तो आपल्या तोंडून कळावा. तिसरी, चौथी आणि पाचवी ग्रामीण भागातील शाळेत झाल्याचे प्रमाणपत्र व रहिवासी दाखला यांची तयारी मात्र आताच करावी.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे आभार. तिचे बाबा शिकवणीच्या गटातून बाहेर पडायला तयार झाले आहेत, व्हिडिओंचे अजून ठरायचे आहे. मुलीची तिसरी दुसऱ्या गावच्या शाळेत झाली असल्याने प्रमाणपत्रासाठी तिथल्या मुख्याध्यापकांनाही भेटावे लागेल; सोमवारी जाऊन येते.