मदत हवी आहे : फ्रेममधला जुना नकाशा अस्सल की नक्कल?

बेटावरच्या छोट्या जुन्या वस्तूंच्या दुकानात हाताने रंगवलेला म्हणून एक नकाशा आहे, साल १६८० छापलेलं. १० पट भिंगातून रेषा सलग दिसतात, ऑफसेटचे (आधुनिक यंत्रछपाईचे) ठिपके नाहीत. कडेला छपाईच्या तांब्याच्या पत्र्याचा दाबलेला ठसाही आहे. पण तो नकलेवरही उठवतात, त्यामुळे तेवढ्यावर भरवसा नाही.

दुकानदार मागचा पुठ्ठा काढून दाखवेल, पण घाईतच. आधी काय बघू? कागद उजेडासमोर धरून जाळीच्या रेषा (हातकागदाच्या साच्यातल्या तारांच्या खुणा)? (सपाट, बिनरेषांचा कागद १७५० च्या दशकात आला, म्हणजे रेषा नसल्या तर तो १६८० चा नाही, प्रश्नच मिटला.) की हिरव्या रंगामागचा तपकिरी डाग? तांब्यापासून केलेला जुना हिरवा रंग कागद जाळतो. पण खाऱ्या, दमट हवेचे ठिपकेही तपकिरीच, मग फरक कसा ओळखायचा?