हंपीच्या सहलीआधी पायांची तयारी कशी करावी?

कोथरूडकर:
नमस्कार. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही सहकुटुंब हंपी आणि बदामीला जाणार आहोत. बरोबर माझी आई असेल. तिचे वय 68 असून तिला 12 वर्षांपासून मधुमेह आहे. थंडी पडू लागली की माझ्या टाचांना भेगा पडतात आणि उजव्या करंगळीवर एक जुने कुरूप आहे. गेल्या वर्षी अजिंठ्याला निघण्याच्या दोन दिवस आधी लक्ष्मी रस्त्यावर घेतलेले बूट पहिल्याच दिवशी चावले आणि पुढची सारी सहल मी लेणी पाहण्याऐवजी बसायला कट्टा शोधण्यात घालवली. या वेळी अजून पाच आठवडे हाताशी आहेत. निघण्यापूर्वी पार्लरमध्ये पेडिक्युअर करून घ्यावे का, आणि आईची काय काळजी घ्यावी, हे जाणकारांनी सांगावे.

टेकडीप्रेमी:
बूट आजच घ्या, मात्र संध्याकाळी घ्या, कारण दिवसभराच्या उभे राहण्याने आणि चालण्याने पाय थोडे फुगतात आणि सकाळी नीट बसलेला बूट दुपारनंतर आवळू लागतो. सहलीत वापरायचे मोजे दुकानात घेऊन जा आणि सर्वांत लांब बोटापुढे (ते अंगठाच असेल असे नाही) साधारण 1 सेंमी जागा उरते का, ते उभे राहून पाहा. पहिला आठवडा घरात वापरा, मग वेताळ टेकडी, आणि शेवटी एकदा आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढून पायीच उतरा. चढताना सगळेच बूट चांगले वाटतात. बोटे पुढे आपटतात की नाही, हे उतरतानाच कळते. मातंग टेकडीवर सूर्योदय पाहायला जाणार असाल, तर उतरताना हाच अनुभव येईल.

नखे निघण्याच्या तीन-चार दिवस आधी सरळ कापा. कोपरे खोल कोरले, तर नख मांसात शिरून नखुरडे होते. निव्वळ सुती मोजे घाम धरून ठेवतात आणि ओली त्वचा लवकर सोलवटते, म्हणून लोकरमिश्रित किंवा खेळाडू वापरतात तसे कृत्रिम धाग्याचे मोजे बरे. चालताना एखादी जागा चुरचुरू लागली की लगेच थांबून तिथे चिकटपट्टी लावा. हे काम फोड येण्याआधीचे आहे. आपण मात्र ‘पुढच्या देवळापर्यंत जाऊ, मग बघू’ म्हणतो आणि तिथेच फसतो. फोड आलाच तर फोडू नका. आपोआप फुटला तर स्वच्छ धुऊन, वरची कातडी तशीच ठेवून झाकावा.

माउलींच्या वाटेवरचा:
मी नऊ वर्षे आळंदीहून पायी वारी करतो, त्यामुळे पायांविषयी थोडे बोलण्याचा अधिकार सांगतो. पुणे ते सासवड या एका दिवसात दिवे घाट चढावा लागतो आणि त्या रात्री मुक्कामी कोणाचे पाय तयार होते, हे न विचारता दिसते. पार्लरला जायचे असेल तर आत्ता जा, निघण्याच्या आदल्या दिवशी नको. टाचेची आणि चवड्याची जाड कातडी पूर्ण खरवडून काढली की खालची कोवळी कातडी दगडावरच्या चालीला टिकत नाही. भेगांसाठी अंघोळीच्या वेळी वजरीने हलक्या हाताने घासावे आणि रात्री कोकमतेल कोमट करून भेगांत भरून मोजे घालून झोपावे. दुसरे म्हणजे, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवाव्यात, नाहीतर चिखल्या होतात.

निवृत्त परिचारिका:
वर सांगितलेले आपल्यासाठी योग्य आहे, पण त्यातले बरेचसे आईंना लागू पडत नाही. मधुमेहात कित्येकांच्या तळव्यांची संवेदना हळूहळू कमी होते. अशा माणसाला बूट चावल्याचे कळत नाही, चटका बसल्याचेही कळत नाही, आणि जखम भरायला वेळ लागतो. म्हणून त्यांना वजरी नको, ब्लेड नको आणि गरम तेलही नको. साधे मॉइश्चरायझर चालेल, पण बोटांच्या बेचक्यांत लावू नये. पाय धुण्याचे पाणी कोपराने तपासावे. निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून पायांची संवेदना आणि रक्तप्रवाह तपासून घ्या. सहलीत रोज रात्री तळवे आरशात किंवा तुम्ही स्वतः पाहा आणि बूट घालण्यापूर्वी आत हात घालून खडा नाही ना, ते बघा.

विरूपाक्ष मंदिरात पादत्राणे काढावी लागतात आणि डिसेंबरातही दुपारी उघड्या फरशा तापतात, म्हणून तेथे सकाळी लवकर जा. मोजे चालत असतील तर जाड मोजे घालू द्या. छोटीशी जखमही दिसली तर ‘पुण्यात गेल्यावर दाखवू’ म्हणू नका.

कोथरूडकर:
सर्वांचे आभार. आईच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. कुरुपासाठी औषधाच्या दुकानात मिळणारी पट्टी लावली तर चालेल का?

निवृत्त परिचारिका:
आपल्याला मधुमेह नसेल तर चालेल, पण आत्ता लावा. त्या पट्टीत सॅलिसिलिक आम्ल असते. ते आजूबाजूच्या चांगल्या कातडीलाही लागले तर ती हुळहुळी होते, आणि ती बरी व्हायला दिवस लागतात. तीच पट्टी आईंना मात्र लावू नका. बूट करंगळीपाशी पुरेसा रुंद नसेल, तर कुरूप पुन्हा येईल.