सोलापुरात कॉम्प्युटर, सायबर शिकणं म्हणजे तीन वर्षं पाण्यात?

केगावचा_मास्तर
बारावीचा निकाल लागला की ही पोस्ट दरवर्षी कुणीतरी टाकतंच. यंदा हिंजवडीत नोकरी करणाऱ्या आपल्याच एका गाववाल्याने टाकली: 'सोलापुरात बीसीए, सायबर सिक्युरिटी, डिजिटल मीडिया यांतलं काहीही घेऊ नका. लॅब नाही, शिकवणारे नाहीत, कंपन्या नाहीत. पुण्याला जा, नाहीतर घरी बसून यूट्यूबवर शिका.' खाली 'अगदी बरोबर'ची रांग.

मी इथल्या एका कॉलेजात नेटवर्क आणि ऑपरेटिंग सिस्टीम शिकवतो. दोन मशीन बोलणं सुरू करताना होणारा टीसीपीचा हँडशेक इथे केगावात एक आणि हिंजवडीत दुसरा असं नसतं. नेटवर्कवरची ये-जा दाखवणारं वायरशार्क फुकट, हल्ले करून बघायची साधनं असलेलं काली लिनक्स फुकट, एका मशीनमध्ये दुसरी मशीन चालवणारं व्हर्च्युअलबॉक्स फुकट. आठ जीबी रॅमच्या मशीनवर दोन व्हर्च्युअल मशीन उभ्या करायच्या, एकीवरून दुसरीवर हल्ला करायचा आणि तो लॉगमध्ये कसा उमटतो ते पोरांकडून शोधून घ्यायचं. एवढं नीट केलं तरी अर्धं सेमिस्टर जातं. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या सिस्टीममध्ये शिरलात तर २०००च्या आयटी कायद्याची कलमं ४३ आणि ६६ लागतात, हे 'शेजाऱ्याचं वायफाय हॅक करा' शिकवणारा यूट्यूबवाला सांगतो का?

आणि पुण्याचं म्हणाल तर खोली, मेस, क्लास, सगळं धरून खर्च कोण करणार? माझ्या वर्गात विडी कामगारांच्या आणि लूमवर राबणाऱ्यांच्या घरातली मुलं आहेत. त्यांतल्या कित्येक मुलींना घरचे पुण्याला पाठवणारच नाहीत. त्यांनी काय करायचं, ते त्या पोस्टमध्ये कुठेच नाही.

हिंजवडीचा_सोलापूरकर
सर, पोस्ट माझीच. मी इथेच शिकलो म्हणून लिहिली. हँडशेक सगळीकडे तोच, मान्य. पण लॅबमध्ये काय चालतं ते बोला. आम्हाला टर्बो सी हे सी भाषेचं जुनं सॉफ्टवेअर होतं. निळी स्क्रीन, कोनिओ डॉट एच ही त्याची हेडर फाइल, आणि पहिल्या ओळीत स्क्रीन पुसणारी क्लिअरस्क्रीन ही आज्ञा नसेल तर मार्क कापायचे. नोकरीत लिनक्सवर तोच प्रोग्रॅम टाकला तर कंपायलरने, म्हणजे कोड मशीनच्या भाषेत बदलणाऱ्या सॉफ्टवेअरने, ती हेडर फाइलच ओळखली नाही.

सिक्युरिटीचं तर विचारूच नका. स्ट्रिंग वाचायला गेट्स फंक्शन वापरायचं, असं प्रॅक्टिकलच्या वहीत, म्हणजे जर्नलमध्ये, लिहून घेतलं. हे फंक्शन समोरून किती अक्षरं येतायत ते मोजत नाही, जागा संपली तरी मेमरीत लिहीत सुटतं. १९८८ साली मॉरिस वर्म हा नेटवर्कवर पसरणारा प्रोग्रॅम याच फटीतून शिरला होता. २०११च्या सी स्टँडर्डमधून ते काढूनच टाकलं. माझा चुलतभाऊ आत्ता इथे शिकतोय, त्याच्या जर्नलमध्ये तेच आहे. कोर्सचं नाव सायबर सिक्युरिटी!

अशोक_चौक_९८
टर्बो सीला नावं ठेवू नका. त्यात इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायची जागा, दोन बाइटची. ३२७६७ मध्ये एक मिळवला की उणे ३२७६८ यायचं. ते डोळ्यांनी बघितलं म्हणून ओव्हरफ्लो, म्हणजे आकडा जागेत न मावणं, कळला. आत्ताच्या पोरांना विचारा, सांगता येत नाही.

हिंजवडीचा_सोलापूरकर
जीसीसी या आजच्या कंपायलरमध्ये इंटऐवजी दोन बाइटचा शॉर्ट लिहा, तेच दिसतं. त्यासाठी डॉसच्या काळातलं सॉफ्टवेअर डॉसची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्समध्ये कोंबून चालवायची गरज काय?

अशोक_चौक_९८
गरज काय बे? त्याच टर्बो सीवर शिकून आमच्या बॅचची पोरं अमेरिकेत गेली.

हिंजवडीचा_सोलापूरकर
'बे' घरी म्हणा. तुमची पोरं गेली ती टर्बो सी असूनही गेली. मागे राहिली त्यांची नावं कुणी घेत नाही.

जर्नल_लिहून_थकलेली
मी सध्या दुसऱ्या वर्षाला आहे. कंपायलर कुठलाही द्या, पण जर्नल हाताने लिहायला लावू नका. आम्ही प्रोग्रॅम पेनाने उतरवतो, स्क्रीनवरचं आउटपुटसुद्धा डाव्या कोऱ्या पानावर पेन्सिलने काढतो. अर्धा वर्ग मागच्या बॅचचं जर्नल बघून लिहितो, त्यातल्या चुकांसकट. तेवढ्या वेळात गिट, म्हणजे कोडमधले बदल जपून ठेवायचं साधन, शिकून झालं असतं. सर, यावर बोला.

केगावचा_मास्तर
बोलतो. अभ्यासक्रमात भाषा दिलेली असते, कंपायलर नाही. आम्ही आमच्या लॅबमध्ये जीसीसी टाकलं. प्रॅक्टिकलला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पोराला विचारलं, 'क्लिअरस्क्रीन कुठे आहे?' जीसीसीत ती नसतेच. पोरगं माझ्याकडे बघतंय. पुढच्या बॅचने दोन्ही पाठ केलं.

जर्नल ऑडिटला दाखवावं लागतं, म्हणून ते टिकून आहे. मला ते पटत नाही आणि मीटिंगमध्ये मी तसं बोललोय. पण तासिका तत्त्वावरच्या माणसाला मत नसतं. मानधन महिनोन् महिने अडकतं, नवी मशीन मागितली की पुढच्या वर्षी तास मिळतील का, याचीच धास्ती. 'शिकवणारे नाहीत' म्हणणाऱ्याने एकदा हेही लिहावं.

पालक_विजापूर_रोड
बीसीए २०२४-२५ पासून एआयसीटीई या केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेकडे गेलं, सीईटी ही प्रवेशपरीक्षा आली. मग त्यातून सुटायला राज्यात किती कॉलेजांनी कोर्सचं नावच बदललं! तीच पुस्तकं, वेगळी पाटी. आम्ही पालकांनी कशावर विश्वास ठेवायचा?

फ्लेक्स_ते_रील
तुमचं टर्बो सी आटपलं असेल तर डिजिटल मीडियावर दोन ओळी लिहू का? 'रील बनवायला कोर्स कशाला' हे मी घरात आणि बाहेर सारखं ऐकते. मी युनिफॉर्म शिवणाऱ्यांची इन्स्टाग्राम पेजेस सांभाळते. ओळखीच्या एका दुकानदाराला मेसेज आला, 'कॉपीराइटची तक्रार आहे, चोवीस तासांत लिंकवर खात्री करा.' त्याने पासवर्ड टाकला, पेज गेलं. पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारं टू-फॅक्टर लावलेलंच नव्हतं. बिझनेस अकाउंटला सिनेमातली बहुतेक गाणी का मिळत नाहीत, हेही त्याला माहीत नव्हतं. मला हे दोन्ही इथल्याच कोर्समध्ये शिकवलं.

चिंचोळी_एमआयडीसी
आमचा टॉवेलचा कारखाना आहे, माल बाहेरच्या देशात जातो. आमच्या गिऱ्हाइकाला आमच्याच नावाने मेल गेला: बँक बदलली आहे, पुढचे पैसे या खात्यात टाका. त्यांनी टाकले. पैसे परदेशातल्या खात्यात, १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला तरी हातात काय येणार? पुण्याचा आयटीवाला फोनवर म्हणाला, अँटिव्हायरस बदला. मग आमच्या अकाउंटंटच्या ओळखीची, सोलापुरातच शिकणारी एक मुलगी आली. तिने मेलचा पत्ता मोठा करून दाखवला. आमच्या नावातल्या इंग्रजी एमच्या (m) जागी आर आणि एन (rn) चिकटून होते. मग अकाउंटंटच्या मेलबॉक्समध्ये एक नियम सापडला, 'इन्व्हॉइस' शब्द असलेला प्रत्येक मेल गुपचूप बाहेर जात होता. तीन वर्षं वाया गेलेल्या मुलीने शोधलं हे.

हिंजवडीचा_सोलापूरकर
वाईट झालं. पण डोमेनवर, म्हणजे मेलच्या पत्त्यातल्या @ नंतरच्या नावावर, बनावट मेल अडवणारं डीमार्क लावलं असतं तर हा मेल पोचलाच नसता. हे बेसिक आहे.

केगावचा_मास्तर
पोचला असता. डीमार्क तुमच्या स्वतःच्या डोमेनचं नाव कुणी वापरू नये म्हणून असतं. इथे डोमेनच वेगळं आहे, चोराने पैसे देऊन घेतलेलं. त्याने त्यावर स्वतःचं डीमार्क लावलं असेल तर ते पासही होईल. खातं बदलल्याचा मेल आला की जुन्या नंबरवर फोन करून विचारायचं, ही सवय गिऱ्हाइकाला लावावी लागते. हिंजवडीत हे शिकवत नाहीत का?

चिंचोळीवाले, एक विचारतो. सर्ट-इन या सायबर घटना हाताळणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार अशी घटना कळल्यापासून सहा तासांत त्यांना कळवायचं असतं. कळवलंत?

चिंचोळी_एमआयडीसी
हे आत्ता ऐकतोय.

केगावचा_मास्तर
तेच म्हणतोय मी. 'कंपन्या नाहीत' म्हणजे काय? टॉवेलवाले, युनिफॉर्मवाले, पतसंस्था, नागरी बँका, सगळ्यांकडे मेल आहे, पैसे आहेत, राखणारा माणूस नाही. २०१८ला पुण्यातल्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटी गेले, आजूबाजूला सगळी आयटी असताना.

हिंजवडीचा_सोलापूरकर
डीमार्कचं मान्य. बाकीचं नाही. काम आहे म्हणता, मग पगार कोण देतंय? मी पुण्याला गेलो तो हौस म्हणून नाही. इथे महिना आठ हजार सांगितले होते, वर प्रिंटर दुरुस्त करायचा.

अशोक_चौक_९८
हे मात्र खरं बोलला.

चिंचोळी_एमआयडीसी
मास्तर, एमआयडीसीत आम्ही सात-आठ कारखानदार मिळून मेल आणि बॅकअप तपासून घ्यायचं म्हणतोय. दोन पोरं द्या. अनुभवाचं सर्टिफिकेट देऊ.

केगावचा_मास्तर
सर्टिफिकेटवर नाही पाठवणार. मानधन किती ते आधी लिहा, आणि तपासायची लेखी परवानगी प्रत्येक कारखान्याच्या लेटरहेडवर. प्रिंटरला हात लावणार नाहीत.

जर्नल_लिहून_थकलेली
सर, माझं नाव घाला. मानधन ठरल्यावर.