मायक्रोवेव्ह 'पाच-ई' म्हणतोय

बी-२०३ वहिनी (सोमवार, सायं. ७.४०): कुणाला मायक्रोवेव्हमधलं कळतं काय वो? पडद्यावर नुसतं पाच आणि ई आलंय. कुठलंबी बटण दाबलं तरी टीं टीं ओरडूलालाय. आत अर्धा लिटर दूध आहे, कुंद्याचं.

सी-१०१ मामा: कुंदा? आपल्या बेळगावची मिठाई, मायक्रोवेव्हमध्ये? बेळगावात राहून? बरोबर ओरडूलालाय तो.

ए-३०२ सेक्रेटरी: मामा, जरा थांबा की. वहिनी, प्लग काढून पाच मिनिटांनी परत लावून बघा.

बी-२०३ वहिनी: दोनदा केलं. लावला की परत तेच. फोटो टाकलाय बघा.

डी-२०४ (इंजिनिअरिंगवाला): काकू, नेटवर पाच-ई शोधलं तर वॉशिंग मशीनचं निघतंय. पाणी बाहेर जात नाही म्हणे, ड्रेनचा पाइप बघा म्हणे.

सी-१०१ मामा: मायक्रोवेव्हला ड्रेन कुठला रे बाबा?

बी-२०३ वहिनी: सर्व्हिसवाल्याला पण फोन केलता. न बघताच म्हणाला बोर्ड गेला, साडेचार हजार होतील. ह्यांनी ऐकून टीव्हीच बंद केला.

डी-१०१ अक्का: हौद्री, आमचं पण पावसात असंच झालेलं. तांदळाच्या डब्यात ठेवून स्वल्प थांबा, वाळतंय.

सी-१०१ मामा: अक्का, तेवढा मोठा डबा पिठाच्या गिरणीत तरी आहे काय?

डी-१०१ अक्का: मोबाईलचं सांगितलं मी!

ए-१०४ मास्तर: आत्ता बघितलं. न बघता बोर्ड गेला म्हणणारा ज्योतिषी असतोय, मेकॅनिक नव्हे. वहिनी, फोटो मोठा करून बघितला. ते पाच नव्हे, एस आहे. असल्या पडद्यावर एकेक अक्षर सात काड्यांनी काढलेलं असतंय, त्यात पाच आणि एस वेगळे दाखवताच येत नाहीत. एस-ई म्हणजे तुमच्या कंपनीच्या मायक्रोवेव्हमध्ये कीपॅड शॉर्ट. मशीनला वाटूलालंय की कुणीतरी बटण दाबून धरलंय आणि सोडतच नाही. ह्याच दुखण्याला दुसऱ्या एका कंपनीत एफ-३ म्हणतात. म्हणून कोड शोधताना आधी मॉडेल नंबर बघायचा. दार उघडलं की चौकटीवर नाहीतर मागच्या बाजूला स्टिकर असतंय.

बी-२०३ वहिनी: मी कुठं बटण दाबून धरलंय मास्तर? हात पण लावला नाही.

ए-१०४ मास्तर: तुम्ही नाही धरलं. आता सांगा, हे आजच आलं की आधी पण?

बी-२०३ वहिनी: शनिवारी आलतं. काल पण आलतं. सकाळी उठून चहा गरम केला तर गुमान चालला, म्हणून मी कुणाला बोलले नाही.

ए-१०४ मास्तर: शनिवारी किती वाजता?

बी-२०३ वहिनी: आमटी-भात झाल्यावर. साडेसात-आठ.

ए-१०४ मास्तर: आणि मायक्रोवेव्ह ठेवलाय कुठं?

बी-२०३ वहिनी: ओट्यावर, गॅसच्या उजव्या अंगाला. दुसरीकडे पॉइंटच नाही.

डी-२०४: व्होल्टेज कमी-जास्त होत असेल मास्तर. स्टॅबिलायझर घ्यायला सांगू काय?

ए-१०४ मास्तर: व्होल्टेजचं असतं तर ते रोज कुकरची वेळ बघून आलं नसतं. ऐका. बटणांचं जे पॅनेल दिसतंय ते पातळ प्लास्टिकचे थर एकावर एक बसवलेले असतात. आतल्या दोन थरांवर बारीक रेघा छापलेल्या, त्यातनं वीज जाते, आणि दोन्हींमध्ये केसाएवढी फट. बोट दाबलं की फट मिटते, मशीनला कळतं बटण दाबलं. त्या फटीत वाफ शिरली, वर तेलकटपणा असला, की न दाबताच मिटल्यासारखं होतं. कुकरची शिट्टी गॅसच्या उजव्या अंगाला फुसफुसते, समोर पॅनेल. त्यात आठ दिवस झाले, ऊन नाही. आमच्याकडे सतरंजीला बुरशी आलीय. रात्रभरात थोडं सुकतं, सकाळी चहा गरम होतो. संध्याकाळी परत आमटी-भात, परत एस-ई.

सी-१०१ मामा: राकसकोप धरण भरलं म्हणे, आणि इकडं वहिनींचा मायक्रोवेव्ह पण भरला. मास्तर, मागचे चार स्क्रू काढून फुंकर मारली की झालं. मी येतो, जुना टीव्ही मीच उघडलेला.

ए-१०४ मास्तर: मामा, स्क्रू-ड्रायव्हर घरातच ठेवा. गंमत नाही सांगत. ह्याच्या आत ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे दोन हजारांच्या वर नेतो, आणि त्याच्याजवळचा कपॅसिटर प्लग काढल्यावर पण चार्ज धरून बसू शकतो. तो उतरवायची रीत ज्याला येते त्यानंच कव्हर काढायचं. आयटीआयमध्ये मी पोरांना पण पहिल्या वर्षी ह्याला हात लावू देत नव्हतो. माणूस जातोय ह्यात.

सी-१०१ मामा: ठेवला.

ए-३०२ सेक्रेटरी: मास्तर, मग वहिनींनी आज रात्री करायचं काय?

ए-१०४ मास्तर: प्लग काढायचा. दूध बाहेर. मायक्रोवेव्ह ओट्यावरनं उचलून हॉलमध्ये टेबलावर. दोघांनी धरा, जड असतोय. वरचं क्रोशाचं कापड काढा, त्यानं हवेची भोकं झाकतात. पॅनेल कोरड्या सुती फडक्यानं पुसा. काच पुसायचं पाणी त्यावर मारू नका, तेच आत जातं. दार किलकिलं ठेवा आणि टेबल फॅन पॅनेलसमोर रात्रभर. केस वाळवायचं मशीन असलं तर गार हवेवर, लांबून. गरम हवा नको, पापुद्रा सुटतो. उद्या संध्याकाळपर्यंत प्लगला हात लावायचा नाही. मग ग्लासभर पाणी ठेवून एक मिनिट चालवा, रिकामा चालवू नका.

बी-२०३ वहिनी: क्रोशाचं कापड सासूबाईंनी विणलेलं आहे. बरं, काढते.

डी-१०१ अक्का: घडी करून दाखवून ठेवा री. नाहीतर अजून एक एरर.

(मंगळवार)

बी-२०३ वहिनी (सायं. ७.१५): मास्तर!! चालला. पाणी गरम झालं, टीं टीं नाही.

ए-१०४ मास्तर: आता हॉलमध्येच राहू द्या. कुकर लावा, आणि नऊ वाजता परत चालवून सांगा.

बी-२०३ वहिनी (रात्री ९.०५): चालला. खरं एक आहे. बंद करायचं बटण चालत नाही. दार उघडलं की थांबतोय, बटणानं थांबत नाही.

ए-१०४ मास्तर: मग तेच अडकलेलं बटण. वाफेनं त्याच्याखालची रेघ खाल्ली असणार, वाळवून ती परत येत नाही. आता मेकॅनिकला बोलवा, खरं फोनवर एवढंच सांगा: कीपॅडचा पापुद्रा बदलायचा, बोर्ड नको. त्याच्या रिबनचं, म्हणजे चपट्या पट्टीचं, टोक बोर्डात खोचतात, ते टोक पण पुसायला सांगा. आणि जुना पापुद्रा मागून घ्या.

डी-२०४: जुना कशाला मास्तर?

ए-१०४ मास्तर: बदलला हे कळायला.

(शनिवार)

बी-२०३ वहिनी: तिसऱ्या रेल्वे गेटजवळचा एक पोरगा आलता. कीपॅड सातशे, बसवायचे दोनशे. ह्यांनी टीव्ही परत लावला. जुना पापुद्रा उजेडात धरून फोटो टाकलाय. बंदच्या बटणाखाली काळं पडलंय दिसतंय काय?

ए-१०४ मास्तर: दिसतंय. तिथंच तुटलीय रेघ.

ए-३०२ सेक्रेटरी: त्या पोराचा नंबर मला खाजगीत पाठवा, आमचा पण गॅसच्या बाजूलाच आहे. आजच हलवतो.

सी-१०१ मामा: सगळं झालं, खरं कुंद्याचं काय झालं ते कुणीच विचारलं नाही.

बी-२०३ वहिनी: त्या रात्रीच गॅसवर आटवला मामा. दीड तास ढवळले. खालनं जरा लागला.

सी-१०१ मामा: लागलेला चांगला असतोय. वाटी घेऊन येऊ?

बी-२०३ वहिनी: मंगळवारीच संपला.