शरदातील काढणी: थांबावे की घाई करावी? आणि याच दिवसांत जनावरे का आजारी पडतात?

रानवाट (प्रश्न):

उपोष्ण कटिबंधातल्या शेतीविषयी, म्हणजे साधारणपणे २३.५ ते ३५ अंश अक्षांशांमधल्या प्रदेशांविषयी, जे वाचायला मिळते त्यात पाऊस आणि उन्हाळा यांवर भरपूर लिहिलेले असते. शरदाची बोळवण मात्र ‘आकाश निवळते, पीक तयार होते, काढणी करावी’ एवढ्यावर होते. प्रत्यक्षात हंगामाची मेहनत पदरात पडते की मातीत जाते, हे मी तरी याच सहा-आठ आठवड्यांत ठरताना पाहिले आहे.

गेल्या हंगामात सोयाबीन आणि भात एकाच सुमारास तयार झाले. दुपारी कडक ऊन पडत होते, म्हणून सोयाबीन आणखी चार दिवस उभे वाळू द्यावे असे ठरवले. मध्ये एका रात्री हलका पाऊस झाला, पुढचे दोन दिवस पुन्हा ऊन पडले, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी बांधावर उभा राहिलो तर शेंगा तडतडत फुटण्याचा आवाज चहूकडून येत होता. भाताच्या बाबतीत ही चूक नको म्हणून तो घाईने कापून, झोडून, ताडपत्रीखाली रास करून ठेवला. दुसऱ्या दिवशी राशीत हात घातला तर आतले धान्य चांगलेच गरम लागले आणि कुबट वास आला. थांबलो तेथे नुकसान झाले आणि घाई केली तेथेही झाले.

तेव्हा काढणीचा दिवस नेमके काय पाहून ठरवावा? आणि उन्हाळ्याचा ताण संपल्यावर ज्या जनावरांना बरे वाटायला हवे, ती वासरे आणि शेळ्या नेमकी याच दिवसांत का आजारी पडतात?

खळ्यावरून (उत्तर):

तुमच्या वर्णनात दुपारचा उल्लेख आहे, रात्रीचा नाही, आणि घोळ तेथेच आहे. शरदात आकाश उघडे असल्यामुळे जमीन दिवसा लवकर तापते, तशीच रात्री लवकर निवते. पावसाळ्यात जमिनीत मुरलेली ओल अजून हवेत येत असते. पहाटे पारा खाली उतरला की हीच हवा दमटपणाने जवळजवळ पूर्ण भरते आणि दव पडते. दुपारी तीच हवा कोरडीठाक भासते. उभ्या पिकातले धान्य हवेशी सतत ओलाव्याची देवाणघेवाण करत असते, त्यामुळे ते रोज रात्री थोडे भिजते आणि रोज दुपारी पुन्हा वाळते. एका जोराच्या सरीपेक्षा ही रोजची ओढाताण पक्व पिकाला अधिक महागात पडते, असे माझे मत आहे.

सोयाबीनच्या शेंगेच्या टरफलाचे थर वाळताना सारखे आक्रसत नाहीत, त्यामुळे टरफलाला पीळ पडतो. ओले-कोरडे असे दोन-तीन फेरे झाले की शिवण सैल होते आणि कोरड्या दुपारी शेंग तडकते. तुम्ही ऐकलेला आवाज तोच. शिवाय दाण्याची साल सुरकुतते आणि तिला बारीक भेगा पडतात, म्हणून असे सोयाबीन बियाण्यासाठी ठेवल्यास उगवण कमी मिळते. सुमारे ९५ टक्के शेंगांनी पक्व रंग धरला आणि दाण्यातला ओलावा १३ ते १५ टक्क्यांपर्यंत उतरला की थांबण्यात काहीही लाभ नाही. हाताने कापायचे असेल तर सकाळी, दवाने शेंगा थोड्या चिवट असताना कापावे, आणि मळणी मात्र दुपारी पीक कडक वाळल्यावर करावी.

भाताचे गणित निराळे आहे. लोंबीतले ८० ते ८५ टक्के दाणे पिवळे झाले, म्हणजे ओलावा २० ते २४ टक्क्यांच्या घरात असताना, कापणी योग्य ठरते. म्हणून तुमची कापणी लवकर झाली असे मी म्हणणार नाही. चुकले ते पुढचे. ओले धान्य जिवंत असते, ते श्वसन करते, त्या श्वसनातून उष्णता आणि पाणी दोन्ही बाहेर पडतात, आणि राशीत त्यांना बाहेर जायला वाट नसते. मळणीनंतर २४ तासांच्या आत वाळवण सुरू झालीच पाहिजे: २ ते ४ सेंटीमीटर जाडीचा थर, दर अर्ध्या तासाने उलथापालथ, संध्याकाळी दव पडण्याआधी गोळा करून झाकण. काही महिने साठवायचे असेल तर ओलावा १४ टक्क्यांच्या खाली आणि बियाण्यासाठी १२ टक्क्यांपर्यंत आणावा लागतो.

उलट, भात शेतातच वाळू दिला तरी तो सुरक्षित राहत नाही. कोरड्या दाण्यावर पहाटे दव बसले की वरचा भाग ओलावा ओढून फुगतो, आतला गाभा तसाच राहतो, आणि दाण्याला आडवी चीर पडते. ही चीर बाहेरून दिसत नाही, पण भरडताना तांदळाची कणी होते.

दोन्ही पिके एकदम तयार झाली तर आधी सोयाबीन घ्यावे, कारण ते थांबू शकत नाही. भात आडवा झालेला नसेल तर चार-पाच दिवस थांबू शकतो. आणि भात तेवढाच कापावा जेवढा त्या दिवशी पसरता येईल. आपल्याकडे कापणीचे नियोजन हाताशी किती माणसे आहेत यावरून होते, ते वाळवायला किती जागा आहे यावरून व्हायला हवे.

दावण (उत्तर):

जनावरांविषयी लिहितो. उन्हाळ्याचा ताण संपतो हे खरे आहे. तापमान आणि दमटपणा एकत्र धरून काढलेला निर्देशांक ७२ च्या वर गेला की दुभत्या गाईला त्रास सुरू होतो असे मानतात. शरदात तो खाली येतो, चारा खाणे वाढते आणि दूधही सावरते. दिवस लहान होऊ लागले की शेळ्या, मेंढ्या आणि म्हशी अधिक संख्येने माजावर येतात, म्हणजे प्रजननासाठीही हा काळ चांगला. मोठ्या जनावरासाठी जे सुख आहे तेच लहान वासराला मात्र झेपत नाही. दुपारी ३२ अंश आणि पहाटे १४ अंश असा फरक पडला की कमी वजनाच्या वासराची बरीचशी शक्ती अंग उबदार ठेवण्यातच खर्च होते. त्यातून आपण थंडी लागेल म्हणून गोठा सर्व बाजूंनी बंद करतो. मग मूत्रातला अमोनिया आत कोंडतो, श्वासनलिकेचे अस्तर दुखावते आणि न्यूमोनियाला वाट मिळते. वासराच्या उंचीवर वारा अडवावा, पण छताजवळची हवा खेळती ठेवावी. गोठ्यात शिरताच आपल्या डोळ्यांना चुरचुरत असेल तर वासराचे नाक त्या हवेच्या अधिक जवळ आहे हे ध्यानात घ्यावे.

शेळ्यांच्या बाबतीत मुख्य कारण दव आहे. लेंडीतून पडलेल्या जंतांच्या अंड्यांतून ऊबदार, ओल्या हवेत साधारण आठवड्याभरात संसर्गक्षम अळ्या तयार होतात आणि गवताच्या पात्यावरच्या पाण्याच्या पातळ थरातून वर चढतात. सूर्य वर येऊन पाते कोरडे झाले की त्यातल्या बऱ्याच खाली ओलीकडे सरकतात. हिमॉन्कस हा रक्तपिपासू जंत यांतला सर्वांत घातक असून त्याची एक मादी दिवसाला हजारो अंडी घालते. पहाटेच शेळ्या सोडणारा माणूस त्यांना अळ्यांचे ताट वाढतो, हे मी स्वतः दोन करडे गमावल्यावर शिकलो. शेळीच्या डोळ्याची खालची पापणी अलगद ओढून पाहा: आतला भाग लालसर-गुलाबी असला तर ठीक, फिका किंवा पांढरट असला तर रक्त कमी झाले आहे. जबड्याखाली मऊ सूज आली असेल तर पशुवैद्यकाकडे न्यायला एक दिवसही लावू नये. सरसकट सगळ्या कळपाला वारंवार जंतनाशक पाजण्याने जंत औषधाला दाद देईनासे होतात, म्हणून पापणी पाहून निवडक उपचार करणे अधिक हिताचे. आटत चाललेल्या तळ्याच्या काठावरचे हिरवे गवतही टाळावे. तेथल्या गोगलगायींमुळे यकृतातल्या चपट्या कृमींची लागण होते आणि ती अनेक आठवड्यांनी उघड होते.

आता तुमच्या भाताकडे परत येतो, कारण त्याचा पेंढाही याच हवेत वाळतो. धान्याची जेवढी काळजी घेतली जाते तेवढी पेंढ्याची घेतली जात नाही. पेंढ्याची गंज, म्हणजे रचलेला ढीग, वरून सोनेरी दिसते. हात कोपरापर्यंत आत घालून एक मूठ ओढून काढली की काळे डाग पडलेला, दमट, बुरशीच्या वासाचा पेंढा बाहेर येतो. असा पेंढा खाल्लेल्या म्हशींच्या कानांची टोके, शेपटीचा शेंडा आणि खुरांवरची कातडी काळी पडून सडते. या विकाराला देगनाला म्हणतात आणि त्याचा संबंध फ्युजेरियमसारख्या बुरशींशी जोडला जातो. तुम्ही रास ताडपत्रीखाली झाकलीत त्याच दिवशी पेंढ्याचीही गंज रचली असेल, तर ती आजच उकलून पाहा.

कोरडवाहू (उत्तर):

वरची दोन्ही उत्तरे ओल जास्त असलेल्या प्रदेशांना लागू पडतात. उपोष्ण पट्ट्यात असेही पुष्कळ भाग आहेत जेथे पाऊस लवकर निघून जातो आणि दाणा भरण्याच्या वेळीच जमीन कोरडी पडते. भुईमूग आणि मका यांना अखेरच्या टप्प्यात पाण्याचा ताण आणि उष्णता एकत्र सोसावी लागली तर अ‍ॅस्परजिलस बुरशी शेतातच शिरते आणि तिचे अफ्लाटॉक्सिन हे विष दाण्यात उतरते. नंतर कितीही चांगले वाळवले तरी ते निघून जात नाही. तेव्हा अशा शेतातला माल जनावरांना घालतानाही विचार करावा.

दुसरे असे की काढणी लांबली की पुढची पेरणी लांबते. हरभरा जमिनीत उरलेल्या ओलीवर वाढतो आणि ती ओल शरदाच्या उन्हात झपाट्याने उडते. गव्हाला उलट थोडे थांबणे मानवते, कारण दिवसाचे सरासरी तापमान २० ते २३ अंशांवर उतरल्यावर पेरलेला गहू चांगले फुटवे धरतो. फार उशीर केला तर दाणा भरताना उन्हाळ्याची झळ लागते. उसाला आणि संत्र्याला हेच हवामान लाभते. कोरड्या, थंड रात्रींत उसाची वाढ मंदावते आणि साखर कांड्यांत साठू लागते, तर संत्र्याच्या सालीतला हिरवेपणा गारव्यामुळे ओसरून रंग चढतो.

दक्षिण गोलार्धातली माहिती वाचताना महिने उलटे धरावेत. तेथे मार्च ते मे हा शरद असतो.

रानवाट (प्रश्नकर्ता):

तिघांचेही मनापासून आभार. पेंढ्याची गंज आज उकलली. मधला हातभर थर खरोखरच काळा निघाला आणि तो वेगळा काढून ठेवला आहे. शेळ्या आता दव उतरल्यावरच सोडतो. एकच राहिले: माझ्याकडे ओलावामापक नाही, आणि भुईमूग अजून जमिनीत आहे. तो जमिनीतच असल्यामुळे पक्वता आणि ओलावा, दोन्ही कशावरून ओळखावे?

खळ्यावरून (उत्तर):

शेताच्या निरनिराळ्या भागांतून आठ-दहा झाडे उपटा आणि शेंगा फोडून टरफलाची आतली बाजू पाहा. कोवळ्या शेंगेत ती पांढरी आणि ओलसर असते, पक्व शेंगेत तपकिरी-काळपट होते. चारांपैकी तीन शेंगा अशा निघाल्या की काढणीला लागा. उपट्या, म्हणजे झुडपासारख्या उभ्या वाढणाऱ्या वाणांच्या बियांना सुप्तावस्था (उगवण्याआधीचा विसावा) जवळजवळ नसते, त्यामुळे पक्व शेंगांवर पाऊस झाला तर दाणे जमिनीतच कोंब धरतात. पसऱ्या वाणांना थोडी सवड मिळते. पण जमीन फार कोरडी होऊ देऊ नका, कारण मग आऱ्या, म्हणजे शेंगा झाडाला जोडणारे देठ, तुटतात आणि शेंगा मातीत राहतात. उपटलेली झाडे शेंगा वर येतील अशी उलटी ठेवून वाळवा. शेंग कानाजवळ हलवल्यावर दाणा खुळखुळू लागला की वाळवण बरीच पुढे गेली असे समजावे. साठवणीसाठी ओलावा ८ ते ९ टक्क्यांवर यावा लागतो.

भातासाठी एक जुनी कसोटी सांगतो. कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर धान्य आणि चमचाभर खडखडीत कोरडे मीठ घाला, झाकण लावून नीट हलवा आणि दहा-पंधरा मिनिटे तशीच ठेवा. मीठ काचेला चिकटले तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे, म्हणून आणखी एक दिवस पसरा. मीठ मोकळे खाली पडले तर धान्य तूर्त पोत्यांत भरायला हरकत नाही (काही महिने ठेवायचे असेल तर वर सांगितल्याप्रमाणे १४ टक्क्यांच्या खाली आणावे), मात्र पहिल्या आठवड्यात मधल्या पोत्यात एकदा हात घालून ते गरम नाही ना हे पाहा.